रेस दिली की गाडी बंद पडते: कार्बोरेटरच्या गाडीत दोष कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचा

मे महिना लागला की नागपुरात ही तक्रार हमखास येते: "भाऊ, रेस दिली का गाडी बंद पडून राहिली." गाडी मारुती ८०० असो, ओम्नी असो, नाहीतर कुणी जिवापाड जपलेली पद्मिनी असो, वर्णन हेच. हा दोष मी पुन्हा पुन्हा काढत आलो आहे. गाडी माझ्यापर्यंत येते तेव्हा बहुतेक वेळा तिचा कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, कुणीतरी आधीच खोललेला असतो, हवेचे आणि पेट्रोलचे स्क्रू फिरवून झालेले असतात, आणि मूळ दोष जागच्या जागी असतो. म्हणून कार्बोरेटर सगळ्यात शेवटी उघडायचा. त्याआधी गाडी नेमकी कोणत्या क्षणी बंद पडते ते बघायचं. दोष कुठल्या बाजूला आहे हे त्या क्षणावरूनच कळतं.

लक्षणं आधी नीट बघा

- पाय पटकन दाबला की गाडी गचकन बसते, पण हळूहळू दाबला तर नीट उचलते.
- आठ-दहा सेकंद छान पळते, मग दम तुटतो, धक्के मारते. पाय सोडला की सावरते, पुन्हा दाबला की पुन्हा तेच. चढावर हे जास्त जाणवतं.
- सकाळी काही नाही. दुपारी सिग्नलला थांबून निघालं की बंद. अर्धा तास सावलीत उभी केली की जणू काही झालंच नव्हतं.
- रेस देताना कार्बोरेटरच्या तोंडातून 'फट्' असा आवाज येतो.
- मागून काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास, ॲव्हरेज घसरलेलं.
- स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असतानासुद्धा गाडी थरथरते, बॉनेटखाली कुठेतरी बारीक शिट्टी वाजते.

तुमची गाडी यातलं काय करते, ते कागदावर लिहून ठेवा. इंजिन थंड होतं की गरम, टाकीत पेट्रोल किती होतं, एसी चालू होता का, हेही लिहा. पुढे मेकॅनिककडे जावं लागलंच, तर हा कागद फार उपयोगी पडेल.

हे बघण्यासाठी गाडी घेऊन वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर किंवा कामठी रोडच्या पुलावर जाऊ नका. तिथे बंद पडलेली गाडी बाजूला घ्यायला जागा नाही आणि मागून वाहनं जोरात येतात. पहाटेचा रिकामा, सपाट रस्ता बघा आणि सोबत एक माणूस घ्या.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. खालची कामं उघड्यावर करायची, बंद पोर्चमध्ये नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि डोळ्यांना दिसत नाही. विडी-सिगारेट लांब, अग्निशामक नळकांडं हाताशी. हे जमत नसेल, तर काम सुरूच करू नका.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली टाकीच्या झाकणाची. पेट्रोल खेचलं जातं तशी टाकीत बाहेरून हवा जावी लागते. ती वाट बुजली की टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. झाकण उघडताना 'फस्स' आवाज येतो का बघा, असं सगळे सांगतात. पण आपल्याकडे मे महिन्यात टाकी तापून आतली वाफच बाहेर फुसफुसते, त्यामुळे त्या आवाजावर भरवसा ठेवता येत नाही. टाकी काठोकाठ भरलेली नसताना झाकण थोडं सैल करून थोडं अंतर चालवून बघा. दोष गेला तर झाकण बदला. गेला नाही तर झाकण पुन्हा घट्ट लावून पुढे चला.

दुसरी चोकची. मारुतीत डॅशबोर्डखालच्या दट्ट्याने चोक ओढला जातो. दट्ट्या आत ढकलला तरी केबल अडकलेली असते आणि चोकची पाकळी अर्धी मिटलेली राहते. मग गरम इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं. काळा धूर आणि पेट्रोलचा वास असेल तर आधी इथे बघा. एअर फिल्टरचं झाकण काढलं की पाकळी समोरच दिसते. चोक आत असताना ती सरळ उभी हवी. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा उलट तक्रार येते: थंड इंजिनाला चोक न देताच रेस दिली जाते आणि गाडी बसते. तो दोष नाही, थोडा चोक ओढून दोन मिनिटं थांबायचं.

एअर फिल्टर बाहेर आलाच आहे तर उजेडापुढे धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला. फिल्टर काढून गाडी चालवून बघायचा मोह होतो, तो टाळा. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ थेट सिलिंडरमध्ये गेली तर रिंगा खराब होतात.

आता या यादीतली सगळ्यात मोलाची तपासणी, दोन मिनिटांची. इंजिन बंद. एअर फिल्टर काढलेला. टॉर्चने कार्बोरेटरच्या तोंडात बघा, चेहरा मात्र थेट वर आणू नका. थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या पाकळीचा लिव्हर हाताने झटकन फिरवा. फिरवल्या क्षणी पेट्रोलची बारीक, सरळ, जोरदार धार आत पडली पाहिजे. ही ॲक्सिलरेटर पंपाची धार. तुम्ही पाय दाबता तेव्हा हवा लगेच आत धावते, पेट्रोल जड असल्यामुळे मागे राहतं. मॅनिफोल्डमधली, म्हणजे कार्बोरेटर ते सिलिंडर या वाटेतली ओढही त्या क्षणी घटते, त्यामुळे काही पेट्रोल भिंतींनाच चिकटतं. ही क्षणाची तूट भरून काढायला तो छोटा पंप एक पिचकारी मारतो. धार आलीच नाही, उशिरा आली किंवा नुसती ठिबकली, तर 'पटकन दाबलं की बसते, हळू दाबलं की चालते' या लक्षणाचं कारण तुमच्या समोर आहे. पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा) कडक झाला असेल, फाटला असेल किंवा धारेचं भोक बुजलं असेल. फक्त एक खात्री आधी करा. बरेच दिवस उभ्या गाडीत कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी कोरडी असते आणि मग धार येतच नाही. आधी इंजिन मिनिटभर चालवा, बंद करा, मग बघा.

एसयू कार्बोरेटर असलेल्या जुन्या अँबेसिडरमध्ये असा पंप नसतोच. तिथे वरच्या घुमटाची टोपी उघडून डँपरमधलं तेल बघा. तेल संपलं की आतला पिस्टन एकदम वर उडतो, मिश्रण पातळ होतं आणि गाडी रेस घेताना अडखळते. पातळ इंजिन ऑइल भरलं की बहुधा काम होतं. अशी गाडी घेऊन लोक नवा कार्बोरेटर शोधत हिंडतात, त्याचं फार वाईट वाटतं.

ज्यांच्या ओम्नीला गॅस किट आहे, त्यांच्याकडे आणखी एक फुकटची परीक्षा आहे. तोच रस्ता गॅसवर चालवून बघा. गॅसवर झकास उचलते आणि पेट्रोलवर बसते, म्हणजे प्लग, कॉइल, टायमिंग ही ठिणगीची बाजू ठीक आहे आणि दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे. दोन्हींवर बसत असेल तर आधी इग्निशन आणि हवेची गळती बघा. वर्षानुवर्षं गॅसवरच चाललेल्या गाडीत ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम सुकून कडक होतो, हे मी वारंवार पाहिलं आहे. आठवड्यातून थोडं तरी पेट्रोलवर चालवावं.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

प्लग काढा. टोकाचा रंग भुरा-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. पांढुरका असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त शिरतेय. काळा, काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमकुवत. मारुती ८०० ला गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिमी ठेवतात. गॅप वाढलेला असला की स्लोवर काही कळत नाही, पण रेस दिली की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी उडी मारू शकत नाही. म्हणूनच इग्निशनचा दोष पुष्कळदा फक्त पिकअप घेतानाच दिसतो आणि लोक त्याला पेट्रोलचा दोष समजतात.

रात्री अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरींकडे लांबूनच बघा. निळसर ठिणग्या बाहेर उडताना दिसल्या तर वायरी गेल्या. हात लावू नका, झटका जबर असतो. प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आत केसासारख्या काळ्या रेघा आहेत का बघा, त्या रेघांवाटेच करंट पळतो. पॉइंटच्या गाड्यांत पॉइंट जळून खड्डे पडले आहेत का आणि गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिमी आहे का, तेही तपासा.

मग पेट्रोलचा छोटा फिल्टर. स्वस्त वस्तू आहे, शंका असेल तर बदलूनच टाका. त्यात गंजाची तांबूस भुकटी दिसली तर फिल्टर बदलून दोष महिनाभरात परत येणार, कारण गंज टाकीत आहे. आठ-दहा सेकंद पळून दम तुटणाऱ्या गाडीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. कार्बोरेटरच्या वाटीत थोडा साठा असतो. रेस दिली की तो संपतो, आणि बुजलेल्या फिल्टरमधून तेवढ्या वेगाने नवा येत नाही. पाय सोडला की वाटी पुन्हा भरते, गाडी सावरते.

त्याच वेळी टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप बोटांनी दाबून बघा. टाकी आणि पंप यांच्यामधल्या पाइपला बारीक चीर असेल तर पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. जमिनीवर डाग नाही म्हणजे गळती नाही, असं धरून चालू नका.

हवेची गळती शोधायची सोपी पद्धत: इंजिन स्लोवर ठेवून व्हॅक्यूमचा एकेक पाइप चिमट्याने हलकेच दाबून बंद करा. एखादा दाबल्यावर इंजिनाचा सूर सुधारला तर गळती त्याच रांगेत आहे. कार्बोरेटरच्या बुडाचे नट सैल झालेत का बघा. काही जण तिथे क्लीनर फवारून तपासतात. तापलेल्या इंजिनावर तो पेट घेऊ शकतो, मी साबणाचं पाणीच वापरतो. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारा पाइप काढून तोंडाने ओढून बघा. ओढ धरून राहिली पाहिजे आणि आतली प्लेट हलली पाहिजे. नाहीतर तो डायफ्राम फाटलाय. मग एक तर तिथून हवा आत जाते आणि दुसरं म्हणजे स्पार्क वेळेआधी पुढे सरकत नाही. ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या पाइपात गळती सापडली तर गाडी चालवू नका. तिथे प्रश्न ब्रेकचा आहे.

नागपूरचं ऊन आणि आताचं पेट्रोल

नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत बाहेर ४५ अंशांच्या वर आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो, गॅरेजवाले त्याला एसी पंप म्हणतात, गाडीच्या एसीशी त्याचा संबंध नाही. तो पेट्रोल ओढतो, म्हणजे ओढणाऱ्या बाजूला दाब कमी असतो, आणि कमी दाबात द्रव लवकर उकळतो. पाइपात वाफेचा बुडबुडा अडकला की पंप नुसतीच वाफ दाबत बसतो. व्हेरायटी चौकात पाच मिनिटं अडकून निघालात आणि पाय दाबताच गाडी बसली, तर आधी संशय याचाच घ्या.

मात्र गरम झाल्यावर बंद पडणं आणि गार झाल्यावर चालू होणं, हे कॉइल किंवा कंडेन्सरचंही लक्षण आहे. दोन्हीत फरक करायला एकच वेळ असते, बंद पडल्या पडल्या. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर पंपाची धार बघा. धार नाही म्हणजे वाटी रिकामी आहे, पेट्रोल पोचत नाही. धार नेहमीसारखी जोरदार आहे म्हणजे पेट्रोल पोचलंय, आता स्पार्क तपासा. एअर फिल्टर परत बसवल्यावर आणि सांडलेलं पेट्रोल वाळल्यावरच स्पार्क काढायचा. गार झाल्यावर केलेली ही परीक्षा काही सांगत नाही, कारण तोवर दोन्ही दोष लपलेले असतात.

पंपावर ओलं फडकं टाकायची जुनी युक्ती खरी आहे. पाणी वाफ होताना पंपाची उष्णता घेऊन जातं आणि गाडी घरापर्यंत येते. पण पाणी डिस्ट्रिब्युटरवर पडू देऊ नका. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब बांधणं, पंपाखालची उष्णतारोधक जाड पॅकिंग जागेवर आहे का बघणं आणि रेडिएटर-पंखा नीट ठेवणं. पंप बदलताना ती पॅकिंग पुष्कळदा टाकून दिली जाते. मग नव्या पंपाला तोच जुना आजार होतो.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्याने आलं. आपल्या गाड्या त्याआधीच्या. वजनाने मोजलं तर पेट्रोलच्या एका भागाला नीट जळायला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, इथेनॉलला जवळपास ९. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी मिश्र इंधन जास्त लागतं. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी पितळी भोकाची तोटी, मात्र जुन्याच मापाचा, तो स्वतःहून भोक वाढवू शकत नाही. मिश्रण पातळ राहतं आणि ते सगळ्यात आधी रेस देताना जाणवतं. वर जुने रबरी पाइप आणि डायफ्राम इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, त्यांचे कण सुटून जेटमध्ये अडकतात. तिसरं म्हणजे पाणी. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं. पावसाळाभर उभ्या गाडीत पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पेट्रोल उचलणारा पाइप तळाशीच असतो.

म्हणून जुनी गाडी असेल तर इथेनॉल चालणारे पाइप आणि डायफ्राम मागून घ्या, आणि टाकीत महिनोन् महिने तेच पेट्रोल ठेवू नका. मोठा जेट बसवायचा सल्ला कुणी दिला तर आधी वरच्या सगळ्या तपासण्या झाल्यात का, ते विचारा. हवेची गळती तशीच ठेवून जेट मोठा केला की दोन चुका एकमेकींना झाकतात आणि ॲव्हरेज जातं ते वेगळंच.

हात काळे करणाऱ्या तपासण्या

पेट्रोलच्या पंपाचा जोर बघायचा असेल तर इंजिन पूर्ण गार असताना कॉइलची वायर काढा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडचा पाइप सोडून काचेच्या बाटलीत धरा आणि दुसऱ्याला काही सेकंद स्टार्टर मारायला सांगा. ठोक्याठोक्याने भरदार पेट्रोल आलं पाहिजे. नुसतं ओघळत असेल किंवा फेस येत असेल तर पंप गेला, नाहीतर मागे हवा ओढली जाते. बाटली तासभर ठेवून द्या. तळाशी वेगळा थर किंवा गंज दिसला तर टाकी उतरवून धुवावी लागेल.

याच टप्प्यावर ऑइलची कांडी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली असेल तर पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल इंजिनात उतरलं असण्याची शक्यता मोठी. गाडी सुरूच करू नका. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिनाच्या बेअरिंगी जातात.

इतकं सगळं ठीक निघालं तरच कार्बोरेटर. आता फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची) पातळी, वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी निडल, मेन जेट. जेट तारेने टोचू नका. पितळ मऊ असतं, भोक किंचित मोठं झालं तरी माप बिघडतं. क्लीनर आणि हवेचा प्रेशर पुरे. हवेचा प्रेशर मारण्याआधी फ्लोट आणि डायफ्राम बाहेर काढा. स्क्रू फिरवण्याआधी तो पूर्ण आत जायला किती फेरे लागतात ते मोजून लिहा, म्हणजे परत त्याच जागी आणता येईल. फ्लोटची पातळी त्या कार्बोरेटरच्या मापानेच लावायची, अंदाजाने नाही. मापच हाताशी नसेल तर इथे थांबा.

कुठे थांबायचं

थ्रॉटलचा दांडा हाताने हलवल्यावर खडखडत असेल, तर बुश झिजलेत आणि तिथूनच हवा शिरते. ते लेथवरचं काम आहे. टायमिंग लाइटशिवाय स्पार्कचं टायमिंग लावू नका. कॉम्प्रेशन एका सिलिंडरमध्ये कमी असेल, टायमिंग बेल्टची शंका असेल, किंवा कुठेही पेट्रोल ठिबकत असेल, तर गाडी टो करून न्या.

मुंबईहून घेतलेली गाडी असेल तर आणखी एक. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) आला, कार्बोरेटरच्या गाड्यांनाही. तो आतून बुजला की धूर बाहेर पडत नाही. स्लोवर सगळं ठीक, रेस दिली की गाडी गुदमरते. हे तपासायला गाडी वर उचलावी लागते आणि एक्झॉस्ट तापलेला असतो, म्हणून घरी करू नका.

मेकॅनिक निवडताना वयाने थोडा मोठा, कार्बोरेटरवर हात बसलेला माणूस शोधा. त्याला "ट्यूनिंग करून द्या" असं सांगू नका. तुमचा कागद दाखवा: केव्हा बंद पडते, धार येते की नाही, प्लगचा रंग काय, काय काय बदललंय. कार्बोरेटरचं दुरुस्तीचं किट टाकलं तर जुने जेट परत मागून घ्या आणि नव्याचा आकडा त्यांच्याशी जुळवून बघा. किटमधले जेट नेहमी तुमच्याच गाडीचे असतात असं नाही.

दुरुस्तीनंतर सकाळच्या गारव्यात एक फेरी मारून पैसे देऊन मोकळे होऊ नका. सेमिनरी हिल्सचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून चढवा, आणि तोच चढ दुपारी, गाडी दहा मिनिटं उन्हात चालू उभी ठेवल्यानंतर, पुन्हा चढवा. दोन्ही वेळा अडखळली नाही तर काम झालं.